पैसा थेट घरापर्यंत गेला की राजकारण आड येत नाही

कुणीतरी म्हटलंय की पाकिस्तानसारख्या भांडणाऱ्या देशात पुरानंतरची उभारणी लष्कराकडेच द्यायला हवी. मला नाही पटत हे. २०२२ चा पूर आला तेव्हा इम्रान खानचं सरकार पडून जेमतेम काही महिने झालेले, केंद्रात एक आघाडी, पंजाब आणि खैबर पख्तूनख्वा या प्रांतांत विरोधातला इम्रान खानचा पक्ष, सिंध प्रांतात पाकिस्तान पीपल्स पार्टी, आणि ३.३ कोटी लोकांना फटका बसलेला, म्हणजे भांडायला याहून वाईट वेळ नव्हती. तरी सिंधमधली घरबांधणीची योजना बघा. २० लाखांवर घरं, प्रत्येकी ३ लाख रुपये (त्यांचे), हप्त्याहप्त्याने थेट बँक खात्यात. आधी जोतं, तपासणारे बघून गेले की पुढचा हप्ता, मग भिंती, मग छप्पर. ठेकेदार नाही, लोकांनी स्वतः बांधायचं. आणि मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की जमिनीचा कागदही द्यायचा, तोही बाईच्या नावावर. पिढ्यानपिढ्या जमीनदाराच्या जागेवर राहिलेल्या कुटुंबाला हा कागद म्हणजे काय असेल विचार करा!

पण घरं झाली म्हणजे झालं असं नाही. सिंधमधल्या मंचर तलावाचा बांध फोडून पाणी कुठल्या गावांवर सोडायचं हा निर्णय तेव्हा घाईत घेतला गेला, असा निर्णय पाऊस यायच्या आधी, नुकसानभरपाई ठरवून, सगळ्या पक्षांसमोर व्हायला पाहिजे. जिनिव्हातल्या मदत परिषदेत ९ अब्ज डॉलरवर मदतीची आश्वासनं मिळाली खरी, पण त्यातलं बहुतेक कर्ज आहे, ते फेडणार तीच माणसं.