ख्रिस्तयाग हा सुवार्ताप्रसाराचा उगम कसा?

प्रश्न (वसई)

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. यंदा मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या (उपासनेत वाटल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीच्या) मिस्साला, म्हणजेच ख्रिस्तयागाला, शेजारच्या वहिनी आल्या होत्या. रांग सरकू लागली तशा त्याही उठून माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि ही रांग केवळ कॅथलिकांसाठी असते, असे मला त्यांना हळूच सांगावे लागले. घरी परतताना त्यांनी विचारले, "सत्यनारायणाचा शिरा आम्ही तुमच्याकडे आणून देतो, मग तुमचा प्रसाद आम्हाला का नाही?" मला धड उत्तर देता आले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६४ मध्ये ख्रिस्तयागाला ख्रिस्ती जीवनाचा उगम आणि शिखर म्हटले, तर पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये तो ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) मिशनकार्याचाही, म्हणजे येशूची सुवार्ता इतरांपर्यंत पोहोचवण्याचाही, उगम असल्याचे लिहिले. जो विधी पाहुण्याला पंगतीपर्यंत येऊ देतो पण त्याचे पान वाढत नाही, त्यातून सुवार्ताप्रसार कसा उगम पावतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (कोर्लई)

ताई, गोंधळाचे मूळ काही अंशी आपल्या शब्दात आहे. मराठीत प्रसाद म्हणजे आल्यागेल्याच्या हातावर ठेवायची वस्तू. कॅथलिक श्रद्धेनुसार मात्र ते भाकरीच्या रूपातील प्रभूचे शरीर आहे आणि ते स्वीकारताना उच्चारलेले 'आमेन' ही श्रद्धेची व ऐक्याची कबुली असते. जी कबुली वहिनींच्या मनात नाही ती त्यांच्याकडून वदवून घेणे हा त्यांचाच अनादर ठरेल. प्राचीन काळी तर बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांनाही शास्त्रवाचन आणि प्रवचन झाल्यावर निरोप दिला जात असे. तेव्हा गर्दी जमवण्याचे साधन म्हणून ख्रिस्तयागाकडे कधीच पाहिले गेले नाही.

उगम शोधायचा तो शेवटच्या वाक्यात. लॅटिन विधीच्या अखेरीस 'इते, मिस्सा एस्त' असे म्हणतात, म्हणजे 'जा, निरोप झाला'. त्यातलाच शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला आणि मिस्सा म्हणून रुळला. २००८ मध्ये 'जा, प्रभूची सुवार्ता घोषित करा' अशा अर्थाच्या निरोपालाही मान्यता मिळाली. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावी निघालेल्या दोन शिष्यांनी भाकर मोडताना प्रभूला ओळखले आणि दिवस कलला असतानाही ते त्याच घटकेस यरुशलेमला परत निघाले (लूक, अध्याय २४). भाकर दोघांच्याच हाती पडली होती. बातमी मात्र त्यांनी स्वतःपाशी ठेवली नाही.

उत्तर (मालवण)

कोर्लईकरांचे म्हणणे पटते, परंतु निरोपाचे वाक्य कानावर पडताच आपल्यातले निम्मे लोक दुचाकी काढायला धावतात, हेही खरे आहे. मी मिस्सानंतर आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो. एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजी एकट्याच राहतात. मी पोहोचण्यापूर्वी त्यांची हिंदू शेजारीण वाळत घातलेले जाळे बाजूला सारते, स्टुलावर धुतलेला पांढरा रुमाल अंथरते, मेणबत्ती लावते आणि उंबऱ्याशी हात जोडून उभी राहते. मी तिला कधी काही समजावलेले नाही. गेल्या पावसाळ्यात मला उशीर झाला तेव्हा तीच छत्री घेऊन वाटेत उभी होती, कारण आजाऱ्यांना उपवासाचे बंधन नसतानाही आजी सकाळपासून उपाशी थांबल्या होत्या.

इ. स. १५० च्या सुमारास संत जस्टिन या आरंभकाळच्या ख्रिस्ती लेखकांनी रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. त्यात सेवक गैरहजर असलेल्यांना प्रसाद घरी नेऊन देतात आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांची सोय होते, असे दोन्ही उल्लेख एकाच ठिकाणी येतात. दानाचा तो भाग वहिनींपर्यंतही पोहोचू शकतो, तिथे कोणतीही रांग आडवी येत नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. वर्गातील मुलांना आजाऱ्यांकडे सोबत नेले तर चालते का?

उत्तर (मालवण)

आम्ही फादरांना विचारून नेतो. एका वेळी दोघांहून अधिक मुले नेऊ नका, खोल्या लहान असतात.