अंधारातच रंग उतरतोय, हे उत्प्रेरण म्हणायचं का?

निळी_बोटं: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मिथिलीन ब्लू हा निळा रंग घेतलाय, लिटरला १० मिलिग्रॅम. झिंक ऑक्साइडची नॅनो पावडर (उत्प्रेरक) टाकून यूव्ही दिव्याखाली ठेवते, ९० मिनिटांत द्रावण जवळपास पाण्यासारखं होतं. पण त्याआधी अंधारात अर्धा तास ढवळते तेव्हाच ६६४ नॅनोमीटरचा पीक (रंग किती प्रकाश शोषतो ते दाखवणारं शिखर) ४० टक्के खाली येतो. पीएच ७. प्रत्येक नमुना सिरिंज फिल्टरमधून गाळते. सर म्हणतात, पावडरचा पृष्ठभाग मोठा आहे म्हणून रंग तिला चिकटतो. मला पटत नाहीये.

जुना_खेळाडू: नकोच पटू देऊ. झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर पीएच साधारण ९ पर्यंत धनभार असतो आणि मिथिलीन ब्लूही धनभारितच. दोघं एकमेकांना दूर ढकलणार, मग एवढा रंग चिकटला कुठे? माझा संशय फिल्टरवर. मी स्वतः तीन महिने यात घालवलेत. भारी आलेख काढला होता, प्रत्यक्षात रंग खात होता फिल्टरमधला पडदा! पावडर न घालता नुसतं रंगाचं पाणी गाळ, आधी आणि नंतर मोज. फरक पडला तर गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज वापर, वेगाने फिरवून पावडर तळाला बसव. पण नीट फिरव, कण राहिले तर प्रकाश विखुरतो आणि आकडे भलतेच येतात.

पाणी_गढूळ: पीएच ४ ला करून पाहिलं तर?

जुना_खेळाडू: अजिबात नको, आम्लात झिंक ऑक्साइडच विरघळतं. उत्प्रेरक जाईल आणि पाण्यात जस्त उतरेल ते वेगळंच.

शिखर_सरकलं: एक भर. पावडरशिवाय, फक्त दिव्याखालीही एक बीकर ठेव, हा रंग प्रकाशानेही थोडा उडतो. आणि एकट्या ६६४ वर थांबू नकोस, पूर्ण स्पेक्ट्रम घे, म्हणजे सगळ्या तरंगलांबींवरचं शोषण. पीक डावीकडे, कमी तरंगलांबीकडे सरकत असेल तर रेणूवरचे मिथिल गट गळतायत, सांगाडा अजून शाबूत असू शकतो. शक्य असेल तर टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) मोज. रंग गेला आणि कार्बन तेवढाच राहिला, तर प्रबंधात 'विघटन' लिहिताना परीक्षक पकडतील.

निळी_बोटं: नुसतं रंगाचं पाणी गाळलं. शोषण ०.७१ चं ०.४४ झालं, पावडरचा एक कणही नसताना 😐 फिल्टर फोडून पाहिला, आतली चकती निळीशार. म्हणजे आधीचे अकरा रन गेले. सरांना चकतीच नेऊन दाखवते.