दगडी पाला, एकदांडी की माका?

पायवाट: गच्चीच्या भेगेत एक रोप उगवलंय. कुणी पाणी घालत नाही, तरी फुलतंय. पानं खरखरीत, कडेला दात्रे. वीतभर दांडीवर एकच फूल: मध्ये पिवळं, भोवती चारपाच फिकट पाकळ्या. आजी दगडी पाला म्हणते. लहानपणी गुडघा फुटला की हाच चुरडून दाबायची आणि मी झोंबतो म्हणून भोकाड पसरायचे. शेजारच्या काकू म्हणतात हा माका, तेलात उकळ, केसांना लाव. मोबाइल सांगतो ट्रायडॅक्स. कढई काढून ठेवलीय. कुणाचं ऐकू?

रानभूल: कढई जागेवर ठेवा. आजी आणि मोबाइल एकच सांगतायत, काकू चुकल्या. ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स म्हणजे दगडी पाला. एकदांडी, कंबरमोडी, जखमजुडी हीही त्याचीच नावं. माका निराळा. त्याचं फूल सगळंच पांढरं, करंगळीच्या नखाएवढं, आणि त्याला ओल लागते. देठ मोडून बघा, माक्याचा रस थोड्या वेळात काळा पडतो. मीही फसलोय. पिशवीभर एकदांडी आईपुढे नेऊन ठेवली होती. तिने एक काडी मोडली, वाट पाहिली आणि पिशवी उकिरड्यावर रिकामी केली.

पायवाट: मोडलं. चहा होईपर्यंत हिरवंच! पण कंबरमोडी का?

रानभूल: मला वाटतं खोडामुळे. ते जमिनीवर लोळतं, पेरांना मुळं फुटतात आणि टोक मध्येच वाकून उभं राहतं. प्रोकम्बेन्स म्हणजेही पालथं पडलेलं. ट्रायडॅक्समधल्या 'ट्राय'चे 'तीन' दाते पाकळीच्या टोकाला दिसतील, भिंगातून बघा. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, त्याने १७५३ मध्ये हे नाव दिलं. झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, इथलं नाहीच.

भिंगवाला: एक भर. त्या पाकळ्या नाहीत, प्रत्येक एक स्वतंत्र फूल आहे. मधलं पिवळंही नळीसारख्या बारीक फुलांचा गुच्छच. म्हणजे एकदांडी बरोबर. एकफुली म्हटलं असतं तर चुकलं असतं. आणि खोल जखमेवर पालाबिला नको. धुवा आणि डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन लागू शकतं.

पायवाट: आजीला अमेरिकेचं सांगितलं. म्हणाली, "असेल. आमच्या बांधावर मी सून म्हणून आले त्याच्या आधीपासून आहे." काकूंना मात्र अजून बोलले नाही. दोन महिने त्या हेच तेल लावतायत आणि केस वाढले म्हणतायत.