एओर्टिक आणि मायट्रल झडपेचा हिशेब वेगळा
हृदयाची झडप बदलताना ‘पन्नाशीनंतर यांत्रिक किंवा जैविक (प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली), कोणतीही झडप बसवली तरी आयुर्मानात फरक पडत नाही’ असे एक मत मांडले जाते. हृदयातून महाधमनीत रक्त सोडणाऱ्या एओर्टिक झडपेपुरते ते बऱ्याच अंशी पटते. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेला मात्र ते जसेच्या तसे लावता येत नाही. कॅलिफोर्नियातील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१७ च्या अभ्यासात यांत्रिक झडपेमुळे अधिक जगण्याचा लाभ एओर्टिकमध्ये साधारण ५५ व्या वर्षापर्यंत, तर मायट्रलमध्ये ७० व्या वर्षापर्यंत दिसला होता.

अर्थात, तो लाभ टिकवणेही सोपे नाही. माझ्या भावाला यांत्रिक मायट्रल झडप आहे. रात्रीच्या शांततेत तिची टिकटिक शेजारी बसलेल्यालाही ऐकू येते, पण तिची सवय होते. खरी काळजी असते ती रक्त गोठू न देणारी वॉरफरिनची गोळी न चुकवण्याची आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) वेळच्या वेळी तपासून वहीत लिहिण्याची, कारण आकडा घसरला की गुठळीची आणि फार चढला की रक्तस्रावाची भीती असते.