परभणीत दिसणारा ठार काळा कावळा रेव्हन असेल का?

प्रश्न (मोंढा-परभणी):
मोंढ्यामागच्या कडुनिंबावर रोज संध्याकाळी एक ठार काळा कावळा येऊन बसतो. बाकीच्यांपेक्षा थोराड, आवाज घोगरा, मानेवर राखाडी पट्टा नाही. शब्दकोशात रेव्हनसमोर (कावळ्याच्याच कुळातला मोठा काळा पक्षी) ‘डोमकावळा’ असं दिलंय. मग नोंद रेव्हन म्हणून करू का? चुकीची जायला नको.

रानपाखरू:
रेव्हन लिहू नका. घोळ सगळा शब्दाचा आहे. आपल्याकडचे पक्षीनिरीक्षक डोमकावळा म्हणतात तो जाड चोचीचा कावळा, इंग्रजीतला ‘लार्ज-बिल्ड क्रो’. रेव्हन राजस्थान, कच्छ, पंजाब आणि हिमालयाच्या उंच भागातला. मराठवाड्यात तो अपेक्षितच नाही. शिवाय तो ६० सेंमीच्या आसपास भरतो, गळ्याखाली पिसांची झुबकेदार दाढी असते आणि उडताना शेपटी पाचरीसारखी दिसते. डोमकावळ्याची शेपटी गोलसर.

नुसत्या आकारावर मात्र जाऊ नका. गावकावळा (आपला नेहमीचा, राखाडी मानेचा) साधारण ४० सेंमी, डोमकावळा ४५च्या पुढे. झाडावर एकटा बसलेला असला की हा फरक डोळ्याला कळत नाही. चोच बघा. डोमकावळ्याची वरची चोच कमानीसारखी वाकलेली, बुडाशी जाड, आणि तिथून कपाळ एकदम उभं चढतं. पिसं चापून बसवली असतील तर कपाळ सपाट दिसतं, म्हणून चार-पाच मिनिटं थांबून पाहा.

दुर्बीणवाले:
खरी अडचण संध्याकाळची आहे. मावळतीचं ऊन पक्ष्यामागून आलं की गावकावळ्याची राखाडी मानही काळी वाटते. सकाळी सात ते साडेआठ, सूर्य आपल्या पाठीशी घेऊन उभे राहा. ८×४२ दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. फोटो काढताना मागे आभाळ असेल तर कॅमेऱ्याचं एक्स्पोजर +१ ठेवा म्हणजे फोटो उजळ येतो, नाहीतर नुसती सावली हाती लागते. पावसाळ्यात पिसं झडतात तेव्हा मानेचा रंग विस्कटलेला दिसतो. त्या दिवसांत चोच आणि आवाज जास्त भरवशाचे. गावकावळ्याचा ‘काव’ चपटा, नाकातला. डोमकावळ्याचा खोल, घशातला.

निंबोणी:
कोकिळ नराशीही एकदा ताडून बघा, तोही काळाच. पण त्याचा डोळा लालभडक, चोच फिकट हिरवट आणि शेपूट लांब. जमिनीवर उतरून तुरुतुरु चालत दाणे टिपत असेल तर तो कोकिळ नव्हे. उन्हाळ्याच्या शेवटी कावळा भरवत असलेलं पिल्लू कोकिळेचंही असू शकतं. त्याच्या चोचीचा आतला भाग लालसर दिसला तरी लगेच ठरवू नका, कावळ्याच्या पिल्लांचाही तसाच असतो.

मे-जूनमध्ये घरट्याखाली उभं राहू नका, कावळे डोक्यावर झेप घेतात. दोन्ही जाती शेजारी शेजारी बघायच्या तर पितृपंधरवड्यात गच्चीवर पान ठेवल्यावर बघा. हाताच्या अंतरावर बसतात, दोघांच्या चोची सरळ ताडता येतात.