चांदीच्या कोलॉइडसाठी करंट १ मिलिअँपवर कसा धरावा?

प्रश्न – तारजोड
९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये. ९९९ (९९.९ टक्के शुद्ध) चांदीच्या २ मिमी जाड दोन तारा, प्रत्येकी ८ सेंमी पाण्यात, मध्ये ३ सेंमी अंतर. २५० मिली डिस्टिल्ड वॉटर. लेझरची रेघ दाखवायच्या प्रयोगासाठी कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण हवेत. सुरुवातीला मीटर ०.३ मिलिअँप दाखवतो, पंचविसाव्या मिनिटाला ५ च्या वर जातो आणि ऋण तारेवर काळा कापूस धरतो. नुसता रेझिस्टर पुरेल का? एलएम३१७ (रेग्युलेटर आयसी) पडून आहे, तो चालेल?

ओहमवाला
पाण्यात चांदीचे आयन वाढले की रोध घटतो, करंट वाढतो, मग आयन आणखी भराभर सुटतात. व्होल्टेज स्थिर ठेवलं की हे होणारच.

२२ किलोओहम सिरीजमध्ये लावलात तर तारा एकमेकींना चिकटल्या तरी १.२ मिलिअँपच्या पुढे जाणार नाही. करंट स्थिर राहणार नाही, पण उधळणारही नाही. एकदाच करायचं असेल तर एवढं बास.

३१७ नको. त्याला नियमनासाठी किमान काही मिलिअँप (डेटाशीटमध्ये १० पर्यंत) लोड लागतो, १ वर तो ताब्यात राहत नाही. एलएम३३४ (करंट स्थिर ठेवणारी आयसी) घ्या: आर आणि व्ही मायनस या पिनांमध्ये ६८ ओहम, झाला साधारण १ मिलिअँप. मर्यादा ४० व्होल्ट, चौथी बॅटरी जोडली तर त्याच्या फार जवळ जाल, म्हणून जोडू नका. तापमानाने अंशामागे ०.३३ टक्के सरकतो, इथे चालून जातं.

सोल्डरगन
३३४ नाही मिळाला तर दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टर. पहिल्याच्या एमिटरपासून ऋण टोकापर्यंत ६२० ओहम. दुसऱ्याचा बेस त्या एमिटरला, एमिटर ऋण टोकाला, कलेक्टर पहिल्याच्या बेसला. त्याच बेसला धन टोकाकडून १०० किलोओहम. ऋण तार पहिल्याच्या कलेक्टरला, धन तार थेट बॅटरीला. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं करंट १ च्या खालीच राहील. सर्किटचा दोष नाही, पाणीच तेवढं वाहत नाही. म्हणूनच काही जण मीठ टाकतात आणि मग पांढरं सिल्व्हर क्लोराइड बघून बुचकळ्यात पडतात.

मिलिकूलंब
वेळ मोजून काढा. १ मिलिअँप × १ तास = ४ मिलिग्रॅम चांदी, फॅराडेच्या नियमाने. २५० मिलीत १० पीपीएम (लिटरमागे १० मिलिग्रॅम) म्हणजे २.५ मिलिग्रॅम, सुमारे ३७ मिनिटं. प्रत्यक्षात पाण्यात चांदी थोडी कमी येते, कारण काही चांदी ऋण तारेवर बसते. २० पीपीएमच्या आसपास सिल्व्हर ऑक्साइड साका म्हणून खाली बसू लागतं, त्यापुढे वेळ वाढवून उपयोग नाही. पाणी हळू ढवळत ठेवा, दर पाच मिनिटांनी ध्रुवता उलटवा (धन-ऋण तारांची अदलाबदल). कापूस पुष्कळ कमी होतो. सोनाराची तार ९२५ ची नाही ना, ते विचारून घ्या. त्यात तांबं असतं.

आणि पाणी स्वच्छ दिसतंय तोवर त्यात बहुतेक आयनच आहेत, लेझरची रेघ फिकीच येईल. थोडं सोडियम सायट्रेट टाकून उकळा. पिवळसर झालं की कण तयार झाले.

ओहमवाला
वरच्याला जोड: हे प्यायचं नाही. चांदी त्वचेत साठून कातडी कायमची निळसर-राखाडी पडते (अर्जिरिया), आणि अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने १९९९ मध्येच अशा औषधांना सुरक्षित व परिणामकारक मानायला नकार दिलाय. बाटलीवर तसं लिहून ठेवा.

तारजोड
३३४ मागवतो, तोवर २२ किलोओहम. ध्रुवतेसाठी सहा टोकांचा स्विच आहेच.