रिमॅपनंतर ३३० आयची शेपूट हलायलीय, काय करावं?

घाटवळण: बीएमडब्ल्यू ३३० आय, जी२० पिढी, रिअर व्हील ड्राइव्ह. मूळ २५८ एचपी, ४०० एनएम. स्टेज वन रिमॅपनंतर (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याची पहिली पायरी) कागदावर ३१० आणि ४८०. स्प्रिंगा २५ मिमीनं खाली, शॉकअप मूळचेच. टायर रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं चालणारे), ३५ हजार किमी झालेले. मांजरसुंबा घाटात दुसऱ्या गिअरात वळणातून निघताना रेस दिली की शेपूट बाहेर पडते. काळ्या रानातल्या लाटाळ रस्त्यावर शंभराला मागून पोहल्यासारखी चालते. मागचा जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलणं रोखणारी दांडी) टाकू का एलएसडी (एकच चाक फुकट फिरू न देणारं डिफरन्शियल)? बजेट दीड लाख.

टॉमी-पाना: भाऊ, मागचा बार अजिबात नको. तो जाड केला की वळणात आतलं चाक हलकं होतं, सगळा भार बाहेरच्या टायरवर जातो आणि शेपूट आणखी लवकर सुटते.

पैसा आधी टायरला. मागच्या जोडीची नक्षी (खाचांची खोली) ३ मिमीच्या खाली असेल तर बदला, कायद्याचे १.६ मिमी पावसात कामाचे नाहीत. नक्षी उरली असली तरी पाच वर्षांचं रबर दगड होतं, बाजूवरचा चार आकडी कोड (आठवडा आणि साल) बघा. हवा सकाळी, थंड टायरात, दाराच्या स्टिकरप्रमाणे. आपल्याकडं मे महिन्यात पळून आल्यावर ४-५ पीएसआय जास्त दिसतेच. ती सोडू नका.

टो-इन: पोहण्याचं कारण बहुतेक स्प्रिंगा. गाडी खाली केली की मागचा टो (वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलेली) आणि कॅम्बर (समोरून बघता चाकं किती कललेली) दोन्ही सरकतात, आणि गावातले बरेच अलाइनमेंटवाले फक्त पुढचा टो धरून पावती फाडतात. चारही चाकांचं प्रिंटआउट मागा. आधी मागचं, मग पुढचं. मागे एकूण टो-इन (चाकांची पुढची बाजू आत) ०.२० ते ०.३० अंश, डावं-उजवं सारखं, थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीच्या मधल्या रेषेला किती तिरकी) शून्याजवळ, कॅम्बर उणे १.५ ते २.

त्याआधी रॅम्पवर मागच्या आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) आणि सबफ्रेमचे (त्या दांड्या बसतात त्या चौकटीचे) रबरी बुश टॉमी घालून हलवा. बुश मेला असेल तर रेस देताना चाकाची दिशा एकीकडं, सोडताना दुसरीकडं, मग अलाइनमेंट कितीही करा. शॉकअपच्या दांड्यावर झिप टाय बांधून एक फेरी मारा. टाय बंप स्टॉपला (शॉकअपच्या शेवटच्या रबरी अडणीला) भिडली असेल तर खड्ड्यात मागची बाजू एकदम कडक होऊन टायर सुटतोय.

स्टेज-शून्य: ट्यूनरकडून पहिल्या-दुसऱ्या गिअरात टॉर्क ४०० वरच अडवून घ्या, पेडल मॅपही मऊ (रेस दाबली की ताकद हळूहळू यावी असा). निम्मी तक्रार तिथंच मिटावी. एलएसडी शेवटी. ओपन डिफमध्ये (साध्या डिफरन्शियलमध्ये) आतलं एकच चाक फुकट फिरतं. एलएसडीत पकड सुटली की दोन्ही एकदम सुटतात आणि गाडी आडवी होते. घ्यायचीच तर हेलिकल (गिअरवर चालणारी, हळुवार पकडणारी). आणि तोवर घाटात डीएससी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद करू नका.

घाटवळण: म्हणजे टायर, बुश, अलाइनमेंट, मॅप. बुश बदलले तर अलाइनमेंट लगेच करायची का?

टो-इन: लगेच. पण बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकती असताना आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर, पूर्ण वजन आल्यावरच टॉर्क रेंचनं शेवटचा आवळा. नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.